ईओआरमार्फत परदेशात तीन माणसं नेमली: अडीच वर्षांनंतरचं माझं मत

आमच्या कंपनीचे तीन सहकारी तीन वेगळ्या देशांत बसून काम करतात. एक जर्मनीत, एक फिलिपिन्समध्ये, एक ब्राझीलमध्ये. यांपैकी एकाही देशात आमची कंपनी नोंदलेली नाही. तिथे आमचं ऑफिस नाही, बँक खातं नाही, कर खात्याकडे नंबर नाही. तरीही या तिघांना रीतसर नोकरी, विमा, भरपगारी रजा हे सगळं मिळावं म्हणून आम्ही एका एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड, म्हणजे ईओआर कंपनीची सेवा घेतली. कागदोपत्री मालक ती कंपनी, रोजचं काम देणारे आम्ही. ती दर महिन्याला अशा माणसांचे पगार काढते, तिथला कर आणि विम्याचे हप्ते भरते, आणि त्यावर आपली फी लावून आम्हाला एक बिल पाठवते.

आम्ही एकूण २६ जण. रुग्णालयांतल्या यंत्रांच्या देखभालीचं वेळापत्रक सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवतो. भरती, करार, पगार, रजा हे सगळं माझ्या टेबलावर येतं, त्यामुळे या सेवेशी रोजचा संबंध माझाच. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. जे चुकलं त्यातलं बरंचसं या व्यवसायाच्या रचनेतूनच आलेलं आहे, आणि दुसऱ्या कंपनीकडे गेलात तरी हेच प्रश्न समोर येणार आहेत.

या वाटेला आम्ही लागलो ते ब्राझीलमधल्या प्रोग्रामरमुळे. तो आधी वर्षभर कंत्राटदार होता. महिन्याच्या शेवटी इनव्हॉइस पाठवायचा, आम्ही पैसे पाठवायचो, दोन्हीकडे सोयीचं वाटत होतं. मग त्याच्या बायकोचं बाळंतपण जवळ आलं आणि त्याने मला एक मेल लिहिला. तीन ओळींचा, फार संकोचून. विचारलं होतं की दोन आठवडे सुटी घेतली तर त्या दिवसांचे पैसे जातील ना, आणि गेले तर तो एकच आठवडा घेईल. तो मेल वाचून मला वाईट वाटलं. हा माणूस रोज आमच्या वेळेवर बसतो, आमच्या लॅपटॉपवर काम करतो, दुसऱ्या कुणाचंही काम घेत नाही, आणि आम्ही त्याला कंत्राटदार म्हणतो. ब्राझीलचा कामगार कायदा १९४३ चा आहे, सीएलटी म्हणतात त्याला. नियमितपणे, दुसऱ्याच्या सांगण्यानुसार आणि पगारावर काम करणारा तो कर्मचारी, अशी त्यातली व्याख्या आहे. करारावर वर काय शीर्षक टाकलंय याने त्यात फरक पडत नाही. म्हणजे आम्ही त्याच्यावर अन्यायही करत होतो आणि स्वतःला धोक्यातही घालत होतो. त्याला दोन आठवड्यांचे पूर्ण पैसे दिले आणि त्याच आठवड्यात ईओआर कंपन्यांशी बोलायला सुरुवात केली.

चार कंपन्यांचे डेमो बघितले. चारही डेमो जवळपास सारखेच: जगाचा नकाशा, देशावर क्लिक केलं की तिथल्या रजा, नोटिशीचा काळ, मालकाच्या वाट्याचे हप्ते, एकूण खर्च. दिसायला अतिशय छान आणि अंदाजपत्रकासाठी खरंच उपयोगी. आम्ही ज्यांना निवडलं त्यांनी ‘काही दिवसांत ऑनबोर्डिंग’, म्हणजे माणूस रीतसर रुजू, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात फिलिपिन्सला ६ दिवस लागले, जर्मनीला १९ आणि ब्राझीलला ५ आठवडे.

या फरकामागचं कारण मला फार उशिरा कळलं. विकत घेताना विचारायचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे, म्हणून इथे थांबून सांगते. ईओआर कंपनीच्या नकाशावर शंभराहून जास्त देश रंगवलेले असतात, पण त्या प्रत्येक देशात तिची स्वतःची कंपनी असतेच असं नाही. काही देशांत ती तिथल्या एखाद्या पगार सांभाळणाऱ्या फर्मशी करार करते, आणि तुमच्या माणसाचा खरा मालक ती स्थानिक फर्म असते. डॅशबोर्डवर हे कुठेच दिसत नाही. तुम्हाला वाटतं मध्ये एक कंपनी आहे, असतात दोन. आमच्या बाबतीत फिलिपिन्स आणि जर्मनीत त्यांची स्वतःची नोंदणी होती, ब्राझीलमध्ये भागीदार होता. अडीच वर्षांत मला आलेल्या अडचणींची यादी काढली तर पाऊण यादी ब्राझीलची निघेल.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरोखर चांगलं आहे.

फिलिपिन्समधली आमची सहकारी ग्राहकांचे फोन आणि तक्रारी बघते. तिच्या नेमणुकीच्या वेळी मी फॉर्म भरून पाठवला तर दुसऱ्याच दिवशी ईओआरच्या तिथल्या बाईंचा मेल आला: कामाचे तास नेमके कुठले, तिच्या घड्याळाप्रमाणे सांगा. मी सांगितलं, संध्याकाळी ६ ते रात्री ३. लगेच उत्तर आलं की रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतल्या प्रत्येक तासाला मूळ पगाराच्या किमान १० टक्के जादा द्यावे लागतात, ते पगाराच्या आकड्यात धरलेले दिसत नाहीत, वेगळी ओळ टाकू का? मला हे माहीत नव्हतं. आमच्याकडून तिच्यावर महिनोन्महिने अन्याय झाला असता आणि ती कदाचित बोललीही नसती. न विचारता, आपणहून, कर्मचाऱ्याच्या बाजूने मालकाला आठवण करून देणं हेच मला या सेवेतलं खरं मोल वाटतं. फीचे पैसे यासाठी द्यावेत.

तिकडे तेरावा पगारही असतो. १९७५ च्या अध्यक्षीय आदेशाने, ८५१ क्रमांकाच्या, तो सक्तीचा झाला. वर्षभरात मिळालेल्या मूळ पगाराचा बारावा भाग, आणि २४ डिसेंबरच्या आत हातात पडला पाहिजे. पहिल्या वर्षी ती मधूनच रुजू झाली होती, त्यामुळे हिशेब महिन्यांच्या प्रमाणात करायचा होता. ईओआरने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला तक्ता पाठवला, मी तपासला, एका आकड्याचीही चूक नव्हती. १२ डिसेंबरला तिच्या खात्यात पैसे. तिन्ही सामाजिक योजनांचे, म्हणजे एसएसएस, फिलहेल्थ आणि पगइबिगचे हप्ते तिच्या पगारपत्रकावर वेगवेगळ्या ओळींत दाखवलेले असतात, आणि तिला काही विचारायचं असेल तर ती थेट त्या बाईंना फोन करते. मला कळतही नाही की काही प्रश्न होता. फिलिपिन्ससाठी ५ पैकी ५.

आता ब्राझील.

पहिलं वर्षभर सुरळीत गेलं. पगार पाचव्या कामाच्या दिवसाच्या आत यायचा, तेराव्या पगाराचे दोन हप्ते, नोव्हेंबरअखेर आणि २० डिसेंबरच्या आत, तेही आले. घोडं अडलं ते पहिल्या मोठ्या रजेला. तिथे १२ महिने भरले की ३० दिवसांची भरपगारी रजा मिळते, आणि रजेच्या पगारावर एक तृतीयांश जादा. ही सगळी रक्कम रजा सुरू होण्याच्या २ दिवस आधी द्यायची असा नियम आहे. माणसाने रजेवर जाताना हातात पैसे घेऊन जावं हा त्यामागचा विचार. मला तो फार आवडतो.

त्याने दोन महिने आधी रजा टाकली. मी त्याच दिवशी डॅशबोर्डवर मंजूर केली. हिरवी खूण आली. मी निश्चिंत. रजेच्या आदल्या दिवशी त्याचा निरोप आला की पैसे आलेले नाहीत, पण हरकत नाही, उद्या येतील. उद्याही आले नाहीत. तो बायको आणि बाळाला घेऊन आपल्या आईवडिलांकडे निघाला होता, तिकिटं आधीच काढलेली होती, आणि खर्चाला त्याने क्रेडिट कार्ड वापरलं. मी ईओआरच्या सपोर्टकडे तक्रारीचं तिकीट टाकलं, ‘तातडीचं’ असा शिक्का मारून. चार तासांत उत्तर आलं: तुमची विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी ईओआरमध्ये आमचं खातं बघणाऱ्या व्यवस्थापकाला फोन केला, तर ते बदलले होते आणि नवीन व्यवस्थापकांना आमची कंपनी कुठली हे बघायला वेळ हवा होता. पाचव्या दिवशी कळलं की रजेची मंजुरी त्यांच्या डॅशबोर्डवरून भागीदार फर्मकडे आपोआप जातच नाही. कुणीतरी महिन्यातून एकदा तक्ता उतरवून मेलने पाठवतं, आणि त्या महिन्याचा तक्ता आमची मंजुरी येण्याआधीच गेला होता. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात ती ओळ राहून गेली.

पैसे आले रजेच्या नवव्या दिवशी. नऊ दिवस तो मला धीर देत होता आणि मी त्याची माफी मागत होते. त्या काळात डॅशबोर्डवर त्याच्या नावापुढे हिरवी खूण तशीच होती.

यापेक्षा गंभीर गोष्ट तीन महिन्यांनी समोर आली, आणि तीही त्यानेच शोधली. ब्राझीलमध्ये मालकाला दर महिन्याला पगाराच्या ८ टक्के रक्कम एफजीटीएस नावाच्या निधीत भरावी लागते. ती पगारातून कापायची नाही, वरून भरायची. पैसे कर्मचाऱ्याच्या नावाने काइशा या सरकारी बँकेत जमा होतात, आणि कारणाशिवाय नोकरीवरून काढलं तर मालकाने त्या जमा रकमेच्या ४० टक्के दंड म्हणून आणखी द्यायचे असतात. म्हणजे हा तिथल्या माणसाचा आधार आहे. त्यासाठी एक मोबाइल अ‍ॅप आहे आणि प्रत्येक महिन्याचा भरणा कर्मचाऱ्याला त्यात दिसतो. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला. महिन्यांची उभी रांग, प्रत्येकापुढे रक्कम, आणि मध्येच दोन महिने गायब. आमच्या बिलात मात्र त्या दोन्ही महिन्यांचे ८ टक्के लावलेले होते आणि आम्ही ते भरले होते.

मी ते बिल आणि तो स्क्रीनशॉट शेजारी ठेवून मेल लिहिला. या वेळी तिकीट टाकलं नाही, त्यांच्या कायदेशीर विभागाला थेट लिहिलं, आमच्या संस्थापकांच्या सहीने. भरणा आठ दिवसांत झाला, विलंबाच्या रकमेसह, आणि ती रक्कम त्यांनी सोसली. चूक भागीदार फर्मची होती असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण आमचा करार त्या फर्मशी नाही, आमच्या माणसाने त्या फर्मचं नावही नेमणूकपत्रावर पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं तर ती ओंजळ कुणाची आहे हे तरी आधी सांगायला हवं होतं.

त्यानंतर मी एक अट घातली आणि ती त्यांनी मान्य केली. पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत एफजीटीएस भरायचा असतो, त्याची पावती माझ्याकडे आल्याशिवाय आमच्याकडून पुढचं बिल मंजूर होत नाही. रजेची मंजुरीही मी डॅशबोर्डवर देते आणि वेगळ्या मेलने भागीदार फर्मच्या पगार बघणाऱ्या माणसाला कळवते. हा पत्ता मिळवायला मला दीड महिना भांडावं लागलं. तुम्ही करार करण्याआधीच मागून घ्या, तेव्हा त्यांना गरज असते.

जर्मनीची गोष्ट वेगळी आहे. तिथे सेवा वाईट नव्हती, माणसंही जाणकार होती. तिथे आम्हाला नडलं ते वेळेवर न सांगणं.

आपला कर्मचारी दुसऱ्या कंपनीला काम करायला देणं हा जर्मनीत कायद्याने बांधलेला व्यवहार आहे. त्यासाठी परवाना लागतो, आणि एकच माणूस एकाच कंपनीकडे सलग १८ महिन्यांपेक्षा जास्त देता येत नाही. सामूहिक करारात वेगळी तरतूद असेल तर गोष्ट निराळी. ही मर्यादा २०१७ पासून आहे. ती ओलांडली तर कायदा असं धरून चालतो की तो माणूस आता ज्यांच्यासाठी काम करतोय त्यांचाच कर्मचारी झाला. म्हणजे आमचा. आणि आमची तिथे कसलीच नोंदणी नव्हती.

ही अट कराराच्या परिशिष्टात होती, मी नाकारत नाही. पण डेमोत, नकाशावर, दर तिमाहीच्या बैठकांत एकदाही कुणी ती उच्चारली नाही. सोळाव्या महिन्यात मेल आला की तुमच्या सहकाऱ्याची मुदत संपत आलीय, पुढे काय करायचं ते कळवा. दोन महिन्यांत ठरवायचं होतं. स्वतःची कंपनी काढायची तर जीएमबीएचला, म्हणजे तिथल्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला, किमान २५,००० युरोंचं भागभांडवल, नोटरी, नोंदणी, दरवर्षीचे हिशेब. एका माणसासाठी हे आम्हाला पेलणारं नव्हतं. त्याला जाऊ देणं तर मनातच आणायचं नव्हतं, आमच्या निम्म्या युरोपीय ग्राहकांना तोच माहीत आहे. शेवटी आमच्या कर सल्लागारांनी तिसरा मार्ग दाखवला. परदेशी कंपनीला तिथे स्वतःची कंपनी न काढताही मालक म्हणून नोंद करून क्रमांक घेता येतो आणि सामाजिक विम्याचे हप्ते थेट भरता येतात. पगाराचं काम बघायला एक स्थानिक पगार-कचेरी घेतली. हा मार्ग प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही, कराच्या बाजूने तपासून घ्यावं लागतं, पण आमच्यासाठी तो जमला.

आता ईओआरकडची त्याची नोकरी संपवून आमच्याकडे सुरू करायची होती. दोघांच्या संमतीने करार संपवायचा. ईओआरच्या सपोर्टकडून त्याला नेहमीप्रमाणे ऑनलाइन सहीची लिंक गेली. त्याने सही केली नाही. मला फोन करून म्हणाला, हे चालणार नाही, आमच्याकडे नोकरी संपवण्याचा कागद कागदावरच लागतो, शाईने सही केलेला. मी शोधलं, खरंच होतं. जर्मन नागरी संहितेच्या कलम ६२३ मध्ये नोकरीचा राजीनामा, बडतर्फी आणि संमतीने करार संपवणं या तिन्हींना लेखी स्वरूप सक्तीचं आहे आणि इलेक्ट्रॉनिक सही चालत नाही असं स्पष्ट लिहिलंय. लिंकवर सही झाली असती तर जुनी नोकरी कायद्याने संपलीच नसती, आणि माणूस एकाच वेळी दोन मालकांकडे पूर्णवेळ नोकरीत दिसला असता. मुदतीला तेव्हा ११ दिवस उरले होते.

ईओआरच्या जर्मन कचेरीतल्या एका वकील बाईंनी हे त्याच दिवशी हातात घेतलं. दोन प्रती छापल्या, सह्या केल्या, कुरिअरने त्याच्या घरी पाठवल्या. त्याने दोन्हींवर निळ्या शाईने सही करून एक परत पाठवली, आणि पावतीसकट दोन्ही पानांचे फोटो मला पाठवले. ते फोटो मी अजून जपून ठेवलेत. त्या बाई पहिल्यापासून आमच्या संपर्कात असत्या तर हे सगळं सहा महिने आधी शांतपणे झालं असतं. अशी जाणती माणसं कंपनीत असून ती ग्राहकापर्यंत पोचतच नाहीत, मध्ये तिकिटांची भिंत असते, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे.

आणखी एक. मालक बदलला की जर्मनीत काही हक्कांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. पूर्ण वार्षिक रजेचा हक्क नोकरीचे ६ महिने झाल्यावर मिळतो, बडतर्फीपासूनच्या कायदेशीर संरक्षणासाठीही ६ महिन्यांची नोकरी मोजली जाते. त्याची यात काहीच चूक नाही, मग त्याने पुन्हा नवखा का व्हावं? आम्ही नव्या करारात लिहून टाकलं की आधीचे १८ महिने सेवेत धरले जातील. ईओआर सोडून तुमच्याकडे कुणाला घेत असाल तर हे एक वाक्य विसरू नका. तुम्हाला ते कुणी आपणहून सुचवणार नाही.

सॉफ्टवेअर किंवा कुठलीही निर्मिती करणाऱ्यांनी हक्कांचं कलम स्वतः वाचावं. कर्मचाऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामचे हक्क त्याच्या मालकाकडे जातात हे आपण गृहीत धरतो, पण इथे मालक ईओआर आहे. म्हणजे कर्मचाऱ्याकडून ईओआरकडे आणि ईओआरकडून तुमच्याकडे अशा दोन कड्या लागतात. जर्मन कायद्यात तर मूळ लेखकाधिकार हस्तांतरित होतच नाही, फक्त वापराचे हक्क देता येतात, त्यामुळे शब्दांना फार महत्त्व येतं. ब्राझीलमध्ये आमच्याकडे तिसरी कडी होती, भागीदार फर्मची, आणि त्या फर्मने ईओआरला हक्क दिल्याचा कागद सुरुवातीला जागेवर नव्हता. मागितल्यावर तीन आठवड्यांनी आला. कुणी विचारलंच नसतं तर आमच्या मुख्य प्रोग्रामचा एक मोठा भाग कागदोपत्री भलत्याच फर्मच्या नावाने राहिला असता.

पैशांबद्दल थोडंच सांगते. काही कंपन्या माणशी ठरावीक मासिक फी घेतात, काही पगाराच्या टक्क्यात. पगार वाढला म्हणून त्यांचं काम वाढत नाही, त्यामुळे ठरावीक फी असलेली कंपनी बघा. खरा खर्च लपतो तो चलन बदलण्यात. आमचं बिल आमच्या चलनात यायचं, आणि सहा महिन्यांची बिलं घेऊन मी त्या त्या दिवसाच्या बाजारदराशी ताडून पाहिली तर दर वेळी दोन टक्क्यांहून थोडा जास्त फरक निघाला. तीन पगारांवर वर्षभराचा तो फरक फीच्या जवळपास जात होता. विचारल्यावर कर्मचाऱ्याच्या चलनात बिल द्यायला ते तयार झाले. फक्त आपण विचारायला हवं. अनामतही असते, आमच्याकडून माणशी एका महिन्याच्या एकूण खर्चाएवढी घेतली होती. जर्मनीची अनामत परत यायला ७४ दिवस लागले, चार आठवणींनंतर.

मध्यंतरी ब्राझीलमध्येच एक विक्री प्रतिनिधी नेमावा असा विचार होता. ईओआरच्या विक्री विभागाने सांगितलं, काळजी नको, आम्ही मालक आहोत, तुमच्यावर तिथला कंपनी कर येत नाही. आमच्या कर सल्लागारांनी हे मान्य केलं नाही. पगार कोण काढतो याने हा प्रश्न सुटत नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या नमुना कर करारातलं पाचवं कलम हेच बघतं की त्या देशातला कुणी माणूस नेहमी तुमच्या वतीने सौदे पक्के करतोय का, किंवा त्यात मुख्य भूमिका बजावतोय का. करत असेल तर तिथे तुमचा व्यवसाय आहे असं धरलं जाऊ शकतं. प्रोग्राम लिहिणारा आणि ग्राहकांशी सौदे ठरवणारा यांत म्हणूनच मोठा फरक आहे. आम्ही तो विचार सोडून दिला.

लोक पीईओ, म्हणजे प्रोफेशनल एम्प्लॉयर ऑर्गनायझेशन, आणि ईओआर यांतही गल्लत करतात, माझीही झाली होती. पीईओ तुमच्याबरोबर सह-मालक होते, त्यासाठी त्या देशात तुमची स्वतःची नोंदणी आधीच असावी लागते. नोंदणी नसेल तर तुम्हाला ईओआरच हवा.

आज आमची स्थिती अशी आहे. फिलिपिन्समध्ये याच कंपनीकडे आम्ही राहणार, बदलण्याचं कारणच नाही, आणि तिथे दुसरी नेमणूकही त्यांच्यामार्फत करतोय. जर्मनी आता आमच्याकडे थेट आहे. तिथल्या १८ महिन्यांच्या सेवेला मी ३ देईन, त्यातले २ त्या वकील बाईंचे. ब्राझीलसाठी ईओआर बदलायचा विचार दोनदा केला. पण मालक बदलला की जुनी नोकरी संपणार, नवी सुरू होणार, आणि रजेच्या हक्काचे त्याचे जमलेले महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जाणार. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, आता पैसे वेळेवर येतायत, तर इथेच राहतो. म्हणून राहिलो. पहिल्या दीड वर्षाला मी १ देईन, आताच्या वर्षाला ४.

नव्याने घेणाऱ्यांनी डेमोत नकाशा बघून झाला की इतकंच करावं: ज्या देशात माणूस नेमायचा आहे तिथलं एक नमुना पगारपत्रक मागावं आणि त्यातली प्रत्येक ओळ कोण भरतं, कुठे भरतं, आणि भरल्याचं कर्मचाऱ्याला कसं दिसतं हे समोरच्याला विचारावं. मी चारपैकी दोन कंपन्यांना नंतर हा प्रश्न विचारून पाहिला. एकीने पंधरा मिनिटांत त्या देशातल्या माणसाला कॉलवर घेतलं. दुसरीने माहितीपुस्तक पाठवलं.

या महिन्याची एफजीटीएसची पावती १८ तारखेला आली. तिच्या दहा मिनिटं आधी त्याचा स्क्रीनशॉट आला होता. आता रांगेत एकही महिना रिकामा नाही.